खालाची फळी

पाऊस आला की दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावतात. आमच्या गल्लीतल्या बायका आधी खालाच्या दाराकडं बघायच्या. कपडे भिजले तर वाळतात. पण खाला त्या दिवशी फळी किती वेळ धरून ठेवणार, त्यावर कुणाच्या घरात पाणी शिरणार ते ठरायचं.

फळी सागवानी होती. रुंद, जड, वर लोखंडी कडी. आमचं गाव धारूरकडच्या डोंगराच्या उतारावरचं, पेठेचं. रस्त्यावरून, दुकानांपुढून, गॅरेजपुढून वाहत आलेलं पाणी आमच्या गल्लीच्या तळाला गोळा होतं. तिथं दगडाच्या खाचेत ती फळी बसवलेली असायची. ती खाली असली की पाणी डावीकडं वळून नालीनं ओढ्याला जायचं. वर उचलली की सरळ पुढं जाऊन गोटे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यात पडायचं आणि तिथून झिरपत आडात. त्या आडावर साऱ्या गल्लीचा उन्हाळा निघायचा. नळाचा भरवसा नव्हताच. ही सगळी सोय खालाच्या मालकानं केलेली. ते वारले आणि फळी खालाकडं आली. तिनं ती पुन्हा कुणाच्या हातात दिली नाही, पोटच्या पोराच्यासुद्धा.

खाला आमची घरमालकीण. उंच, हाडापेरानं मजबूत, गुडघे तेवढे बाहेर वाकलेले. कपाळापर्यंत ओढणी आणि कमरेला तपकिरीची पितळी डबी. बोलता बोलता चिमूट नाकात जायची. नाक लाल आणि डोळे पाणावलेले, त्यामुळं नवख्या माणसाला वाटायचं, बाई आत्ताच रडून आली. रडणं तर सोडाच, खाला बोलायला लागली की समोरचा रडकुंडीला यायचा.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा आमचे हे भाड्याचं बोलायला लागले. ते जिनिंगवर कामाला होते, पगार किती, सुट्टी कधी, सगळं सांगत होते. खालानं ते ऐकलंच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं.

"धुण्याचं पाणी कुठं टाकता?"

हे हसले आणि काहीतरी सांगू लागले. खालानं त्यांना हातानं गप्प केलं. "तुमी धुणं धुता का? मग तिला बोलू द्या."

मला परक्या माणसापुढं बोलता येत नाही, तेव्हा तर अजिबात येत नव्हतं. मी पदराकडं बघत म्हणाले, "झाडाला."

"कोणच्या झाडाला?"

"जे असंल त्याला."

खोली मिळाली. आणि त्या दिवसापासून मला नाव पडलं, मुकी. गल्लीच्या त्या टोकापासून ती हाक मारायची, "ए मुके." मी नुसती मान वर करायची. तिला तेवढं पुरायचं.

तिचा एक कायदा होता. ती म्हणायची, "पाणी पाहुणा हाय. आल्या आल्या चुलीपाशी न्यायचं न्हाई. आधी पाय धुवू द्यायचे." म्हणजे सर सुरू झाली की पहिलं पाणी आडात सोडायचं नाही. त्यात गॅरेजचं तेल असतं, शेळ्यांच्या लेंड्या असतात, भाजीबाजारातली घाण असते, रस्त्यावर सांडलेलं काहीबाही असतं. ते सगळं नालीनं जाऊ द्यायचं. आणि हे पावसाळ्यात एकदाच करून भागत नसे. मधे दोन दिवस जरी ऊन पडलं तरी पुढच्या सरीला पुन्हा पहिल्यापासून.

आता पाण्याचे पाय धुऊन झाले हे कळायचं कसं? त्यासाठी मालकाचे जुने पांढरे सदरे होते. सदऱ्याची एक चिंधी फाडून ती काठीला बांधायची आणि धारेत धरायची. काळी निघाली की टाकून दुसरी. चिंधी पांढरी निघाली की खाला "बिस्मिल्ला" म्हणून कडीला हात घालायची. तोवर कुणी कितीही ओरडो, फळी हलत नसे.

आभाळ भरून आलं की तिच्या हातात खराटा यायचा. मोठमोठ्यानं ढगांना "थांब जरा, थांब" म्हणत ती गल्ली झाडायची. पोरं विचारायची, खाला, आभाळ झाडतीस का? ती म्हणायची, "तुजा बाप जे सांडतो ते झाडते."

सगळ्यात जास्त सांडायचा तिचा स्वतःचा मुलगा. गल्लीच्या वरच्या तोंडाला, रस्त्यावर, त्याचं गॅरेज. खाला तिथं स्टूल टाकून बसायची, शेजारी लाकडाच्या भुशाचं घमेलं. मोटारसायकलखाली तेलाचा थेंब पडला की मूठभर भुसा. मुलगा वैतागायचा.

"अम्मी, तुला बघून गिऱ्हाईक पळतंय."

"पळू दे. तेल पळालं न्हाई पायजे."

एकदा तिला कळलं की त्यानं जळकं ऑइल नालीत ओतलंय. ती भांडली नाही, हेच नवल. पण पुढं रमजान लागला, तर सबंध महिना तिनं रोजा त्याच्या घरात सोडला नाही. रोज सांजेला आडाच्या काठावर एकटी बसायची. दोन खजूर आणि तांब्याभर आडाचं पाणी. सून ताट घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. ईदेच्या आदल्या दिवशी मुलानं गॅरेजपुढं सिमेंटचा बांध घातला आणि ऑइलसाठी झाकणाचं पिंप आणलं. मग ती आत गेली आणि पहिला घास घेताना म्हणाली, मीठ कमी हाय.

पुढं गल्लीवरचा रस्ता सिमेंटचा झाला. आम्ही खूश होतो, चिखल गेला म्हणून. खाला मात्र घुम्यासारखी बसली. मला म्हणाली, "मातीचा व्हता तवा जमीन निम्मं प्यायची. आता सगळं धावत माज्याच दारात येनार."

तसंच झालं. आधी पाणी रमतगमत यायचं, आता लोंढा यायचा, सगळ्या पेठेची घाण घेऊन. नालीत ते मावेना. फळी बंद असली की पाणी मागं तुंबायचं आणि गल्लीत चढायला लागायचं. गल्लीच्या तळाला दोनच घरं सखल. एक आमची खोली आणि एक मेंबरचं घर. मेंबर म्हणजे आमच्या वॉर्डातून एकदा निवडून आलेला माणूस, पुढं पडला, पण नाव राहिलं. प्रत्येक सरीला आमची नजर दोन जागी असायची, खालाच्या चिंधीवर आणि स्वतःच्या पायरीवर. चिंधी आधी पांढरी होते का पाणी आधी पायरी चढतं? भांडी वर ठेवायची, गादी गुंडाळायची आणि दारात उभं राहायचं.

मेंबरच्या मुलीच्या हळदीला असंच झालं. अंगणात आचाऱ्यानं चूल मांडलेली, कढईत बुंदी, आणि सर आली. खाला काही केल्या फळी उचलेना. चूल विझली, बुंदीचं पीठ वाहून गेलं. तेव्हा मलासुद्धा तिचा राग आला होता. एवढा शुभ दिवस, थोडं उचललं असतं तर काय झालं असतं? मेंबरनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्याविषयी मात्र सगळ्यांशी बोलायचा. एका म्हातारीच्या चिंधीवर अख्खी गल्ली चालते, म्हणायचा.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो दिवस परतीच्या पावसातला. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. मुलगी झाली, पाचवी पुजून झाली होती. सबंध खोलीत शेकाच्या धुराचा आणि ओव्याचा वास. आठवडाभर कोरडं गेलं होतं. दुपार कलली आणि डोंगराकडून आभाळ काळं होत आलं. खालाचा खराटा वाजायला लागला, पण अर्धी गल्लीही झाडून झाली नव्हती, तोच पाऊस कोसळला.

मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन खालाजवळ गेले. मी नेहमीच जायची. चिंध्यांची पिशवी मी धरायची, ती काठी धरायची. लोंढा आला. पहिली चिंधी काळीकुट्ट. दुसरी काळी. तिसरी मळकट. पाणी फळीला धडका मारत होतं आणि नाली तोंडापर्यंत भरून गल्लीत परत येत होतं. मागं वळून बघितलं तर आमची खालची पायरी दिसेनाशी झालेली. लेक बाळाला छातीशी धरून दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत होती.

मेंबर त्याच्या ओट्यावर. खालाचा मुलगा गॅरेज बंद करून धावत आला होता, गुडघाभर पाण्यात. दोघंही ओरडत होते, उचला, उचला.

खालानं चौथी चिंधी धरली. बाहेर काढली. पांढरी.

तिनं माझ्याकडं बघून हसून मान हलवली आणि कडीला हात घातला. त्याच वेळी मला वास आला.

पावसात वास दबतो, पण हा आला. कुजलेल्या लसणासारखा, नाकात चढून घशाशी बसणारा. माझा थोरला दीर धर्मापुरीकडं कापसाला फवारताना बांधावर पडला होता. त्याला परळीला दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्या दिवशीचे त्याचे कपडे मी धुतले होते. तीन पाण्यांतून काढले तरी तो वास गेला नाही. हाताला तर किती दिवस राहिला. दुसरा कुठलाही वास मी विसरेन, तो विसरणार नाही.

मी म्हणाले, खाला, उचलू नका. पावसाच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. तेव्हा मी तिचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता.

"फवारणीचं औषध हाय पाण्यात."

ती थबकली. "चिंधी पांढरी हाय."

"चिंधीला ते दिसत न्हाई, खाला. वास हाय."

तिनं ओंजळ भरून नाकाशी नेली. एकदा, दोनदा. मग ओंजळ सोडून दिली. "मला तपकिरीबिगर कशाचाच वास येत न्हाई गं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मेंबर ओट्यावरून ओरडला, "ओ खाला, चिंधी पांढरी झाली की. तुमचाच कायदा हाय ना? आता कावून थांबल्या?"

बरोबर होतं त्याचं. सगळ्या गल्लीनं बघितलं होतं. तिच्या कायद्यानं फळी आता वर जायला पाहिजे होती.

खाला माझ्या तोंडाकडं बघत होती. "तुजी खोली पैली बुडती. लेकरू हाय आत. नीट सांग, पक्कं हाय का?"

मी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर शब्द निघाला नसता. "पक्कं हाय," मी म्हणाले.

खालानं कडी सोडली. वळली आणि फळीवर बसली. त्या एवढ्या पाण्यात, आपलं सगळं वजन टाकून, पाय पसरून. आता फळी उचलायची तर आधी तिला उचलावं लागलं असतं.

तिचा मुलगा पाण्यातून तिच्याजवळ आला. "अम्मी, ऊठ. काय वास बीस? सकाळी वरच्या दुकानापुढं टेम्पोतून औषधाचं खोकं पडलंतं, बाटल्या फुटल्या, पण त्यांनी लगेच धुतलंय की. दोन बादल्या पाणी मारून साफ केलंय."

खालानं त्याच्याकडं बघितलं. "धुतलं ते कुटं गेलं?"

त्यानं मान वळवून वर रस्त्याकडं बघितलं. गल्लीच्या तोंडाशी उतार लागतो आणि तिथूनच सगळं खाली येतं, हे तो लहानपणापासून बघत आला होता. तो वळला. सरळ आमच्या खोलीत शिरला, बाळाला टोपल्यात घातलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि पाण्यातून खालाच्या उंच जोत्यावर नेऊन ठेवलं. मग माझ्या लेकीला हात धरून नेलं.

पाणी आमच्या उंबऱ्यावरून आत गेलं. मी बघत होते. ज्वारीचा डबा तरंगला, बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं तरंगत दारापाशी आलं, आणि शेकाची शेगडी चर्र करून विझली. मेंबरच्या घरातही शिरलं. त्याची सोयाबीनची पोती खालून भिजली. तो खाली उतरून आला आणि माझ्या अंगावर ओरडला की हिला काय कळतं, ही कोण सांगणारी. मी मान खाली घातली. माझं जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं होतं.

फळीवरून खाला म्हणाली, "मेंबर, हिचं घर तुज्या आधी बुडलं. हिचं लेकरू पान्यात व्हतं. ती उगं न्हाई म्हणंल का?"

तो पोती बघायला परत गेला, पण राग गेला नाही.

पाऊस उघडल्यावर खाला उठली. पहिलं काम तिनं काय केलं, तर मुलाला मोटारसायकलवर ओढ्याकडं पिटाळलं. खालच्या अंगाला म्हशीवाल्यांचे गोठे होते. त्यांना सांग, म्हणाली, आज जनावरं ओढ्यावर न्यायची न्हाईत, उद्या पण न्हाई. मग तिनं आडाचं पाणी शेंदलं आणि दारात बसून पाण्यातून आलेल्या प्रत्येकाचे पाय स्वतःच्या हातानं धुतले. माझे, माझ्या लेकीचे, शेजारणींचे. मेंबरची बायको ओट्यावर उभी होती, तिलाही हाक मारली. ती नवऱ्याकडं बघून आली. खालानं तिच्याही पायावर पाणी घातलं आणि साबण लावला.

लेक आणि बाळ खालाच्या पलंगावर झोपली. आम्ही दोघी बाहेर जोत्यावर बसलो. दिवेलागण होत होती. गल्लीत गुडघाभर चिखल, माझा संसार त्यात, आणि मनात एकच, माझं नाक चुकलं असेल तर? सगळ्यांची घरं मी उगाच बुडवली असतील तर? मेंबर उद्या हेच विचारणार होता आणि माझ्याकडं दाखवायला काहीच नव्हतं.

पाऊस उघडला की आमच्याकडं बेडूक ओरडतात. एक घोळका आडात, एक नालीत. इकडून हाक, तिकडून जबाब, अंधार पडेपर्यंत चालतं. त्या दिवशी आडातून आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. मग माझ्या लक्षात आलं की नालीकडून जबाब येत नाही. मी खालाकडं बघितलं. तीही मान वाकडी करून ऐकत होती. आडातले ओरडत होते, थांबत होते, पुन्हा ओरडत होते. नाली गप्प.

खालानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळानं तपकिरीचा जळका वास आला. तिनं डबी चुलीत रिकामी केली होती.

तपकीर सुटली, पण तिचं नाक काही परत आलं नाही. दुकानदारानं सांगून पाठवलं की आमच्या दुकानाचं नाव कशाला खराब करता. मेंबर म्हणत राहिला की बेडकांचं काय खरं, ते ओरडतात नाही तर नाही. कुणी पाणी तपासायला नेलं नाही, आम्हाला ते कुठं न्यायचं हेही माहीत नव्हतं. पण पुढच्या सरीपासून खालानं काठीला चिंधी बांधली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "ए मुके, नाक घिऊन ये." लोक हसले. मी गेले. चिंधी पांढरी निघाली की ती माझ्याकडं बघायची आणि विचारायची, "बोल." नुसती मान हलवलेली तिला आता चालत नसे. "त्या मेंबरला ऐकू जाऊ दे," म्हणायची. सगळी गल्ली दारात उभी असायची, पाणी पायऱ्यांना लागलेलं असायचं, आणि मला मोठ्यानं सांगावं लागायचं, हो किंवा अजून नाही. तिनं एकदाही माझ्यासाठी ते सोपं केलं नाही.

शेवटच्या पावसाळ्यात तिच्यानं उठवत नव्हतं. दारात खाट टाकून ती तिथून बघायची. कडीला हात मी घालायची, पण तिच्या "बिस्मिल्ला" शिवाय उचलायची नाही. थंडीत ती गेली. मयत उठली तेव्हा गल्ली झाडून ठेवली होती, कुणी झाडली ते कळलं नाही.

परवा पहिल्यांदा तिच्याशिवाय सर आली. मालकाच्या शेवटच्या सदऱ्याची चिंधी मी काठीला बांधली. खाटेची जागा रिकामी होती. पाणी चढायला लागलं. चिंधी काळी, मग मळकट, मग पांढरी. मी खाली वाकून वास घेतला. वरच्या टायरवाल्याकडचं काहीतरी होतं, रॉकेलसारखं, बारीक.

विचारणारं कुणी नव्हतं. दारादारांत लोक उभे होते. मग मेंबर ओट्याच्या कडेला आला. पाणी त्याच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "काय म्हणता?"

"अजून न्हाई," मी म्हणाले, वरच्या गॅरेजपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

त्यानं एकदा पाण्याकडं बघितलं. मग आत गेला आणि पोती वर चढवायला लागला.